चेनचे तेल पिनेपर्यंत पोचले पाहिजे

मोटरसायकलच्या चेनला काय लावावे याबद्दल गॅरेजात जितकी मते ऐकू येतात, तितकी इंजिन ऑइलबद्दलही येत नाहीत. कोणी ग्रीस सांगतो, कोणी नव्वद नंबरचे ऑइल, कोणी स्प्रे. प्रत्यक्षात मात्र तिसगावसारख्या बाजारगावांत चेनवर बहुतेक वेळा पडते ते इंजिनातून काढलेले जळके ऑइल. या वादात आमचे म्हणणे एवढेच आहे की डबा कोणता हा प्रश्न नंतरचा. आधी ते तेल चेनच्या कोणत्या जागी जायला हवे हे ठरले पाहिजे. ती जागा म्हणजे पिन आणि बुश यांच्यामधली फट. तिथे जे शिरत नाही, ते कितीही चिकट किंवा महाग असले तरी चेन वाचवत नाही, आणि जे धूळ घेऊन तिथे शिरते ते चेन खाते.

मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये बुश-रोलर चेन तयार केली. आजच्या स्प्लेंडरच्या चेनचीही मूळ रचना तीच आहे: पट्ट्या, पिन, पिनेवर बुश, बुशवर फिरणारा रोलर. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश एकमेकांना घासून झिजतात. पुढचे स्प्रॉकेट 14 दात्यांचे असेल तर त्यावर चढताना प्रत्येक कडी सुमारे 26 अंशांत वळते, तेही इंजिनाची पूर्ण ओढ अंगावर असताना. 18 इंची चाक आणि मागे 42 ते 44 दाते धरून हिशेब मांडला, तर एका किलोमीटरमध्ये हे वळणे साधारण दोनशे वेळा होते. म्हणजे 500 किलोमीटरमध्ये एक लाख वेळा. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा फक्त दहावा भाग झिजला, तरी शंभराहून जास्त सांधे असलेली चेन एक सेंटिमीटरने लांबते. अशी चेन ॲडजस्टरने मागे ओढून टाइट करता येते. झिजलेली पिन मात्र भरून येत नाही. कोरडी पडलेली चेन ओळखायला यंत्र लागत नाही. पट्टीच्या कडेला, पिनेच्या तोंडाशी गेरूच्या रंगाची भुकटी दिसली की आत तेल संपले आहे आणि लोखंड लोखंडावर घासते आहे असे समजावे. मग बाहेरून चेन काळीभोर, ओलसर दिसत असली तरी फरक पडत नाही.

आता आपल्या भागातला वापर पाहू. कल्याण-निर्मल महामार्गावरून सुटलेली गाडी पाचच मिनिटांत वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागते. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, किंवा मढीच्या यात्रेला निघालेली तीन माणसे. नगरकडे जायचे तर करंजी घाटाची चढण. पाऊस थोडा, म्हणून वर्षातले बरेच महिने धूळच धूळ. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते आणखी उखणलेले. चेनवर इतका भार आणि इतकी धूळ एकत्र येते, तेव्हा शहरातल्या डांबरी रस्त्यासाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

जळक्या ऑइलबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ते फुकट असते आणि ‘शेवटी ऑइलच ना’ असा त्यामागचा विचार असतो. पण आपल्या मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल असते. त्यामुळे काढलेल्या ऑइलमध्ये काजळीबरोबर क्लच प्लेटचा भुगा आणि गिअरचे धातूचे कणही असतात. शिवाय ते उघड्या डब्यात ठेवलेले असते, त्यात गॅरेजच्या जमिनीवरची माती पडते. एवढे पातळ आणि एवढे घाण तेल पिनेच्या फटीत नेमके शिरते, आणि तिथे पॉलिश पेपरचे काम करते. कोरड्या चेनपेक्षा ते बरे, असा बचाव केला जातो. आवाज दोन दिवस बंद होतो हे खरे. झीज मात्र चालूच राहते. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. त्यामुळे त्याची जागा अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी नेणाऱ्याच्या पिंपात आहे, गिऱ्हाइकाच्या चेनवर नाही.

ग्रीसचा पक्ष जास्त भक्कम आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. जुने मेकॅनिक सांगतात की पूर्वी चेन काढून, रॉकेलमध्ये धुऊन, गरम ग्रीसमध्ये बुडवत असत आणि ती वर्षानुवर्षे टिकत असे. यात तथ्य आहे. नव्या चेनमध्येही कारखान्यात वंगण असेच आतपर्यंत पोचवलेले असते. पण त्या पद्धतीत खरे काम उष्णतेचे होते: वितळलेले ग्रीस फटीत उतरायचे आणि गार झाल्यावर तिथेच थिजायचे. आज आपण करतो ते वेगळे. बोटाने किंवा ब्रशने लावलेले थंड ग्रीस पट्ट्यांवरच बसते, आत जात नाही, आणि बाहेर बसल्या बसल्या धूळ गोळा करते. पूर्ण चेन कव्हर असलेल्या गाडीत हे काही काळ खपून जाते, कारण धूळ कमी येते. पण त्याच कव्हरमुळे आत काय चालले आहे ते कोणी पाहत नाही. रबरी बूच काढून वरून तेल सोडायचे आणि बूच लावायचे, यात जुना गाळ धुतला जात नाही, उलट तो पातळ होऊन आत जातो.

म्हणून साध्या, ओ-रिंग नसलेल्या चेनसाठी आमची पसंती एसएई 90 किंवा 80डब्ल्यू-90 गिअर ऑइलला आहे. ते फटीत शिरण्याइतके वाहते, टिकण्याइतके दाट असते, आणि दाबाखाली धातूला धातू लागू न देणारी द्रव्ये त्यात आधीच असतात. 140 नंबर हिवाळ्यात फारच दाट होते. ‘नव्वद नंबर उडते, रिमवर डाग पडतात’ ही तक्रार रास्त आहे, पण उडते ते जास्त घातलेले. चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवावी, पूर्ण सुकवावी, खालच्या बाजूच्या चेनला आतून, पट्ट्यांच्या जोडांवर थेंब थेंब सोडावे, चाक हाताने फिरवावे आणि अर्ध्या तासाने फडक्याने पुसून घ्यावे. पुसल्यावर बाहेर जवळजवळ काही उरू नये. जे हवे ते आत गेलेले असते. गाडी चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत फडके धरण्याची सवय मात्र आजच सोडावी, तिने अनेकांची बोटे गेली आहेत.

स्प्रेवाल्यांचे म्हणणेही खोटे नाही. स्प्रेतले पातळ द्रावण वंगणाला आत नेते आणि उडून जाते, मागे चिकट थर राहतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी, चेन कोमट असताना मारून गाडी रात्रभर उभी ठेवली तरच त्याचे पैसे वसूल होतात. मारले आणि लगेच गिऱ्हाइकाच्या हाती गाडी दिली तर अर्धे टायरवर जाते, आणि टायरवर किंवा डिस्कवर गेलेले वंगण जिवावर बेतू शकते. केटीएम ड्यूक, डॉमिनार यांसारख्या गाड्यांच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मध्ये काळ्या रबरी रिंगा, म्हणजे ओ-रिंग, दिसतात. तिथे पिनेचे ग्रीस आतच कोंडलेले असते, आणि बाहेरच्या वंगणाचे काम रबर मऊ ठेवणे, रोलर आणि दात्यांना ओलावा देणे, गंज रोखणे एवढेच. अशी चेन पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने धुणे म्हणजे रबर मारणे. ओ-रिंगचे लेबल असलेला स्प्रे इथे सोयीचा, पण सक्तीचा नाही. होंडाच्या ओ-रिंग चेनच्या जुन्या पुस्तिकांतही एसएई 80 किंवा 90 गिअर ऑइल सांगितलेले आढळते.

सगळ्यात खरा आक्षेप तेलाचा नाही, माणसाचा आहे: गिऱ्हाईक चेनला तेल लावायला दर 500 किलोमीटरला येत नाही आणि आले तरी चेन धुण्याचे पैसे देत नाही. रोज दूध घालणाऱ्याला दर आठ-दहा दिवसांनी गॅरेजात थांबणे परवडत नाही, हे मान्यच केले पाहिजे. त्यावर उपाय म्हणजे सर्व्हिसिंगच्या बिलातच शंभर मिलि नव्वद नंबरची छोटी बाटली द्यावी, लावायची पद्धत एकदा समोर करून दाखवावी, आणि पावसानंतर किंवा प्रेशरने गाडी धुतल्यानंतर तेल चुकवू नको असे बजावावे. चेन सेट उशिरा विकला जाईल, ही काहींची चिंता आम्हाला ठाऊक आहे. पण घाटात तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन क्रँककेस फोडते किंवा मागचे चाक अडकवते. तो खर्च आणि तो अपघात गिऱ्हाईक गॅरेजच्याच नावावर मांडते.

आणि चेन बदलायची वेळ आली की नाही, हे अंदाजावर सोडू नये. 428 नंबरच्या चेनचा पिच 12.7 मिमी असतो, म्हणजे ताणून धरलेल्या नव्या चेनमध्ये पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत 254 मिमी भरतात. हेच माप 259 च्या पुढे गेले, तर 2 टक्के झीज झाली. मग कोणतेही तेल उपयोगाचे नाही, दोन्ही स्प्रॉकेटसह सेट बदलावा. दोन-तीन ठिकाणी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. आकडा जॉबकार्डवर तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवला, तर कोणत्या वंगणावर कोणती चेन किती चालली याची नोंद प्रत्येक गॅरेजात आपोआप जमेल. अशा नोंदी आमच्याकडे पाठवल्यात तर त्या याच पानांवर छापू.