पान खुडावे, झाड राखावे

सह्याद्रीच्या सदाहरित रानांत नरक्या नावाचा एक लहान वृक्ष आढळतो. फुलांच्या दुर्गंधाबद्दल प्रसिद्ध असलेल्या या झाडाकडे रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष वळले, त्याचे कारण मात्र दूरदेशी घडले होते. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल व मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन हे अल्कलॉइड वेगळे काढून त्याची संरचना निश्चित केली. पुढे १९७२ साली मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांना तेच संयुग नरक्यात सापडले.

असे संयुग हाती येण्याची रीत थोडक्यात अशी : वनस्पतीचा भाग सुकवून त्याची पूड करतात, ती अल्कोहोलसारख्या विद्रावकात भिजवून अर्क काढतात, त्या अर्कातील शेकडो पदार्थ वर्णलेखनाने एकमेकांपासून अलग करतात. शुद्ध स्फटिक मिळाला की वितळबिंदू, वर्णपट आणि क्ष-किरण यांच्या साहाय्याने त्याची ओळख पटवितात. कॅम्पटोथेसिनच्या रेणूत कार्बनचे २०, हायड्रोजनचे १६, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे ४ अणू असतात. हे संयुग मूळ रूपात फार विषारी ठरले. परंतु त्यापासून बनविलेल्या टोपोटेकन व इरिनोटेकन या कर्करोगावरील औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

येथवरची कथा विज्ञानाला भूषणावह आहे. पुढची तशी नाही. कॅम्पटोथेसिनचे प्रमाण खोड व मुळे यांत अधिक असल्याने नरक्याची झाडेच तोडली जाऊ लागली आणि पश्चिम घाटातील त्याची संख्या झपाट्याने घटली. ज्या वृक्षाने औषध दिले, त्याच्यावरच कुऱ्हाड चालली.

म्हणून संयुगाची संरचना ठरली म्हणजे रसायनशास्त्रज्ञाचे काम संपले, असे मानणे योग्य नव्हे. ते संयुग वृक्षाच्या कोणत्या भागात, कोणत्या वयात व किती असते, हे सांगितल्यावाचून संशोधन अपुरेच राहते. चिनी वृक्षाच्या कोवळ्या पानांत हे संयुग साल व बिया यांच्याहून अधिक असते, असे १९९४ साली अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. नरक्याच्या पानांतही ते आहे, पण खोडाच्या मानाने कमी.

पानांपासून उत्पादन महाग पडेल, हा आक्षेप खरा आहे. पण तोडलेल्या झाडाची किंमत त्या हिशेबात कोणी धरीत नाही. खुडलेल्या पानांच्या जागी नवी पालवी फुटते. मुळासकट उपटलेले झाड पुन्हा उभे राहत नाही. पानांत अधिक अल्कलॉइड असलेली झाडे शोधून त्यांची लागवड करणे, हाच यावर शहाणपणाचा उपाय होय. औषधाचा शोध लावणाऱ्या विज्ञानानेच औषधी वृक्षाचे रक्षणही केले पाहिजे.