आधार हवा निरोगी रोपांना

गोड्या मसाल्याला धुरकट वास देणारी मसाला वेलची सिक्कीम, दार्जिलिंग आणि नेपाळच्या डोंगरउतारांवर पिकते. हा वास येतो पारंपरिक भट्टीत लाकडांच्या धगीवर वाळवल्यामुळे. उतीस वृक्षांच्या सावलीत हे पीक वाढते. उतीसच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र स्थिर करून मातीचा कस राखतात, तर जमिनीलगतच्या फुलांचे परागीभवन भुंगे करतात.

डोंगरातील शेतकऱ्यांनी उंचीनुसार वाण जपले. सुमारे १५०० मीटरच्या वर रामसे, तर खालच्या पट्ट्यात गोलसे आणि सेरेम्ना. मात्र ‘चिरके’ आणि ‘फुर्के’ या विषाणूजन्य रोगांनी अनेक बागा खंगल्या. मावा हे रोग पसरवतोच. शिवाय रोगट झुडपाचे फुटवे लावले, की नवी बागही सुरुवातीपासूनच आजारी पडते. विषाणू मारणारे औषध नाही. त्यातच सिक्कीम २०१६मध्ये सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाल्याने माव्यावर रासायनिक फवारणीचा मार्गही तेथे बंद आहे.

उरतो तो प्रतिबंध: रोगट झुडपे मुळासकट उपटून नष्ट करणे आणि त्या त्या उंचीला मानवणाऱ्या वाणांची निरोगी रोपे लावणे. पण नव्या लागवडीला फळ धरायला सुमारे ३ वर्षे लागतात. हातातली बाग उपटून एवढा काळ उत्पन्नाविना काढणे अल्पभूधारकाला झेपणारे नाही. त्यामुळे गावोगावच्या रोपवाटिकांइतकीच गरज आहे ती या ३ वर्षांच्या अर्थसाह्याची. त्याशिवाय दिलेला सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी तो कागदावरच राहील.