पदकापूर्वीचा हिशेब

श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसले हिने 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासमवेत टेनिसच्या मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. त्यामागील वर्षांच्या खर्चाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. व्यावसायिक टेनिसपटूला पगार नसतो. प्रवास, निवास, प्रशिक्षक सारे पदरचे. त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या एकेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्यासही 81,500 डॉलर मिळाले. तळाच्या स्पर्धांत 15 हजार डॉलर ही साऱ्यांना मिळून रक्कम! आमच्या वडवणीचा ऊसतोड मजूर निदान उचल घेऊन निघतो (ती फेडताना कंबर मोडते, हे वेगळे). येथे उचलही नाही. शासनाने बक्षिसाचा काही वाटा उमेदीच्या वर्षांतच, परतफेडीच्या अटीविना, द्यावा. पुष्कळजण हरतील हे गृहीत धरून.