पूरक गोळ्यांचे वेळापत्रक

शहात्तर वर्षांच्या एका आजींना त्यांच्या सूनबाई तपासणीसाठी घेऊन आल्या होत्या. आजींची भूक मंदावली होती, बद्धकोष्ठ जडले होते, कितीही पाणी प्यायले तरी तहान शमत नव्हती आणि बोलताबोलता त्या असंबद्ध बोलू लागल्या होत्या. हा स्मृतिभ्रंशाचा आरंभ असावा, या धास्तीने घर हवालदिल झाले होते. घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणावयास सांगितली, तेव्हा उलगडा झाला. आठवड्यातून एकदाच घ्यावयाची ६०,००० युनिटांची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आजी दोन-अडीच महिने रोज दुधातून घेत होत्या. जोडीला कॅल्शियमच्या दोन गोळ्या होत्याच. रक्तातील कॅल्शियम फार वाढले होते. उपचारांनी आजी सावरल्या. परंतु वेळेवर लक्षात आले नसते, तर मूत्रपिंडांना इजा झाली असती.

असे का घडते? सांधेदुखीसाठी एक डॉक्टर, मधुमेहासाठी दुसरे; त्यात परगावच्या लेकीने प्रेमाने पाठविलेली मल्टिव्हिटॅमिनची बाटली. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी योग्य असते, मात्र सगळ्यांचा एकत्रित हिशेब कोणीच मांडत नाही. वेष्टनांवरील नावे निराळी असली, तरी आतील घटक पुष्कळदा तेच असतात. कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत ‘ड’ जीवनसत्त्व असतेच.

दुसरा प्रश्न वेळेचा. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे. चहा-कॉफीही लोहाच्या शोषणात अडथळा आणते, तर लिंबूपाणी त्यास साहाय्य करते. थायरॉइडची गोळी कॅल्शियम व लोह या दोहोंपासून चार तास दूर ठेवावी. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी. १,२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमधून प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते आणि एका वेळी याहून अधिक घेऊन विशेष लाभ नसतो.

हे सारे सांभाळणारे एक साधे वेळापत्रक असे :

सकाळी ६ वाजता : थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी, केवळ पाण्यासोबत. चहा-न्याहारी तासाभराने.
सकाळी ११ वाजता : लोहाची गोळी, लिंबूपाण्यासोबत. आधी व नंतर एक तास चहा नाही.
रात्री ८ वाजता : जेवणासोबत कॅल्शियम.
रविवारी : ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी, डॉक्टरांनी सांगितले असतील तितकेच आठवडे. घेताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी.

आपल्या डॉक्टरांना दाखवून यात आवश्यक ते बदल करून घ्यावेत.

रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. ‘के’ जीवनसत्त्वामुळे वॉरफॅरिनचा प्रभाव घटतो. उलट माशाच्या तेलाच्या किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीची भीती बाळगण्याचे कारण नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर रक्ततपासणीपूर्वी तसे अवश्य सांगावे; त्यामुळे थायरॉइडचे अहवाल फसवे येऊ शकतात. मूतखडा अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास कॅल्शियम स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

याचा अर्थ सर्व गोळ्या आजच बंद कराव्यात, असा नव्हे. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ‘बी-१२’ कमी होऊ शकते. तेथे पूरक गोळी हीच गरज असते. काय ठेवावे आणि काय वगळावे, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. आपले काम एवढेच की पुढच्या भेटीस जाताना घरातील प्रत्येक बाटली, पुडी, चूर्ण आणि काढा एका पिशवीत घालून न्यावा. आणि घरातील वडीलधारे अचानक गोंधळल्यासारखे वागू लागले, तर ‘वय झाले’ असे म्हणून गप्प बसू नये. डॉक्टरांकडे लगेच न्यावे. ती पिशवी सोबत असू द्यावी.