बिनतारी पहारेकरी

मुंबई-नाशिक महामार्गावरून शहापूरच्या बाजूस आत वळले, अथवा माळशेज घाटाच्या वाटेने मुरबाडच्या पुढे गेले, की भातखाचरांच्या कडेला शहरवासीयांची टुमदार घरे दृष्टीस पडतात. आठवड्यातील बहुतेक दिवस त्यांना कुलूप असते. अशा घरांच्या वळचणीस अलीकडे मुठीएवढा एक पहारेकरी बसलेला दिसतो. तो म्हणजे बिनतारी कॅमेरा होय.

मुलांनो, याची करामत मोठी मौजेची आहे. माणसाच्या वा जनावराच्या अंगातून उष्णतेचे अदृश्य किरण सतत बाहेर पडत असतात. असे ऊबदार अंग समोरून हलले, की कॅमेऱ्यातील संवेदक जागा होतो, चित्रण सुरू होते आणि दूर असलेल्या धन्याच्या मोबाइलवर वर्दी जाते. अशाच जातीचे कॅमेरे लावून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५ साली ३५ बिबटे मोजले गेले; प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची ठेवण निराळी असते ना! मात्र तार नसली, तरी विजेची भूक यालाही आहेच. आषाढात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन झाले नाही, की सौरपट्टीवर जगणारा हा पहारेकरी डुलक्या घेऊ लागतो.

एकाकी घराच्या धन्याने, किंवा वृद्ध आईवडिलांना गावी ठेवून नोकरीस गेलेल्या मुलाने असा कॅमेरा लावला, तर त्यास कोण दोष देईल? माझा आक्षेप आहे तो कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे आहे, याविषयी. तानसा, भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तरी उन्हाळ्यात तेथील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. भल्या पहाटे विहिरीच्या वाटेवर बायकांची रीघ लागते. एखाद्या बंगल्याचा कॅमेरा नेमका त्या वाटेवर रोखलेला असला, तर हंडा घेऊन जाणारी तुमच्याएवढी मुलगी त्यात रोज टिपली जाते. तिला कोणी विचारलेले नसते. ते चित्र कोणाच्या संगणकात किती दिवस राहील, हेही तिला ठाऊक नसते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तो हक्क बंगल्याच्या धन्याला आहे, तसाच त्या मुलीलाही आहे.

कोणी म्हणेल, चोरही त्याच वाटेने येणार! येईल; परंतु त्याला फाटक ओलांडावेच लागेल. पाहायचे ते तेथे पाहावे. शिवाय वर्दी मुंबईस पोहोचली, तरी धनी येईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. तोवर बॅटरी आणि काठी घेऊन धावतो तो पाड्यावरचा शेजारीच, आणि विहिरीच्या वाटेवरची ती मुलगी बहुधा त्याचीच असते. तेव्हा कॅमेरा बसविण्याच्या दिवशी धन्याने त्या शेजाऱ्यास बोलावून मोबाइलवरचे चित्र दाखवावे. त्यात त्याचे अंगण वा पाणवाट दिसत असेल, तर शिडी काढण्यापूर्वीच कॅमेऱ्याची मान खाली वळवावी.