चेहरे बदलले म्हणून नव्हे

लोकांच्या मनात घर करून बसलेल्या एखाद्या जुन्या विनोदी मालिकेवर नव्या नटसंचात चित्रपट निघणार असे जाहीर झाले, की त्याचा निकाल बहुधा चित्रपट पाहण्यापूर्वीच लागलेला असतो. 'उगीच कशाला हात लावता?' हा पहिला उद्गार आणि 'त्यांची सर यांना कुठून येणार?' हा दुसरा. अमेरिकेत 'द बेव्हर्ली हिलबिलीज' (१९९३), 'बिविच्ड' (२००५), 'गेट स्मार्ट' (२००८) या जुन्या मालिकांवरून निघालेल्या चित्रपटांचे स्वागत कमीअधिक प्रमाणात असेच झाले. परंतु फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये 'डॅड्स आर्मी' हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा या उद्गारांना जो कळवळ्याचा सूर लागला होता, तो क्वचितच कोठे ऐकू आला असेल. देवघरातली मूर्ती कोणी न विचारता बदलावी, तशी ती तक्रार होती. चित्रपट पाहून आल्यावर अनेकांची निराशा झाली आणि समीक्षकांनीही, थोडे अपवाद सोडता, हात आखडताच घेतला. ही निराशा खोटी नव्हती. मात्र तिचे जे कारण सर्वत्र सांगितले गेले, ते तपासून पाहता टिकत नाही, असे आमचे मत आहे.

मूळ मालिका बीबीसीने ३१ जुलै १९६८ पासून १३ नोव्हेंबर १९७७ पर्यंत दाखवली. एकूण ऐंशी भाग. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. भरभराटीच्या काळात तिचे प्रेक्षक १ कोटी ८० लाखांपर्यंत पोहोचत आणि पुढे कित्येक वर्षे शनिवारच्या संध्याकाळी तिचे भाग पुन्हापुन्हा दाखवले जात राहिले. विषय होता दुसऱ्या महायुद्धातील 'होमगार्ड'चा. मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या तेव्हा, सैन्यात ज्यांची भरती होऊ शकत नव्हती अशा १७ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांनी आपापल्या गावाच्या रक्षणासाठी नाव नोंदवावे, असे आवाहन युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी नभोवाणीवरून केले. काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक माणसे पुढे आली. प्रारंभी बंदुका नव्हत्या, गणवेश नव्हते, केवळ दंडावरची पट्टी होती. जिमी पेरी स्वतः पोरवयात या दलात होता. म्हणजे मालिकेतील हास्य बाहेरून टिपलेले नव्हते. रांगेत उभे राहून पाहिलेले होते.

वॉलमिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक किनारी गावातली ही तुकडी. तिचा स्वयंघोषित कॅप्टन मॅनरिंग हा गावातल्या बँकेचा व्यवस्थापक, सार्जंट विल्सन हा त्याच बँकेचा मुख्य कारकून आणि पाइक हा तिथलाच कोवळा उमेदवार कारकून. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे एखाद्या कचेरीत घालवली आहेत, त्यांना या त्रिकुटाची गंमत निराळी समजावून सांगावी लागू नये. मॅनरिंग हा साध्या शाळेतून, कष्टाने वर चढलेला. विल्सन हा खानदानी, उंची शाळेत शिकलेला, बोलण्यात आणि चालण्यात एक आळसट ऐट असलेला. हुद्द्याने मॅनरिंग वर, जन्माने विल्सन वर. आणि ही गोष्ट दोघेही क्षणभर विसरत नाहीत. मॅनरिंगने हुकूम सोडावा आणि विल्सनने 'हे आपल्याला शहाणपणाचे वाटते का?' अशा अर्थाचे काहीतरी अत्यंत मऊ आवाजात विचारावे, एवढ्यावर नऊ वर्षे विनोद फुलत राहिला. त्यांच्या सोबतीला उतावळा खाटीक जोन्स, सदा सर्वनाशाची वार्ता सांगणारा फ्रेझर, काळ्या बाजारातला वॉकर आणि सौम्य, थकलेला गॉडफ्री. जर्मन सैन्य पलीकडच्या तीरावर उभे आहे आणि अलीकडे ही मंडळी पुढच्या रांगेत कोणी उभे राहायचे यावर वाद घालीत आहेत.

२०१६ च्या चित्रपटाने यांपैकी एकही पात्र गाळले नाही. दिग्दर्शक ऑलिव्हर पार्कर यांना लाभलेली नटमंडळी सामान्य नव्हती: मॅनरिंग टोबी जोन्स, विल्सन बिल नाय, जोन्स टॉम कोर्टने, गॉडफ्री मायकेल गॅम्बन. इंग्रजी रंगभूमीला भूषण ठरावीत अशी ही नावे. शिवाय जुन्या संचातील दोघे, पाइक झालेले इयन लॅव्हेंडर आणि पाद्री झालेले फ्रँक विल्यम्स, छोट्या भूमिकांत मुद्दाम आणले होते. तरीही प्रेक्षक म्हणाले, आर्थर लो तो आर्थर लो! जॉन ल मेझरर तो जॉन ल मेझरर!

या उद्गारामागची भावना आपल्याला परकी नाही. मुंबई दूरदर्शनवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस चि. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ आले, तेव्हापासून एका पिढीला चिमणराव म्हटले की दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हटले की बाळ कर्वे यांच्यावाचून दुसरे कोणी दिसत नाही. पण १९४० च्या 'लग्न पहावे करून' मध्ये दामुअण्णा मालवणकरांचा चिमणराव पाहून लोटपोट झालेले प्रेक्षक त्या वेळीही हयात होते, आणि त्यांनाही प्रथम काही चुकल्यासारखे वाटलेच असेल. नाटकात तर आपण याचा विचारही करत नाही. 'एकच प्याला'तला तळीराम किती नटांनी उभा केला याची मोजदाद नाही. पुस्तकातले वा नाटकातले पात्र मुळात शब्दांत राहते; नट ते काही काळ वापरायला घेतो. मालिकेतले पात्र मात्र जन्मतःच एका चेहऱ्यासह घरात येते, दर आठवड्याला येते, आणि तो चेहरा हेच त्याचे अस्तित्व होऊन बसते. तेव्हा चेहरा बदलल्याचा धक्का बसणे स्वाभाविकच. प्रश्न एवढाच, की तो धक्का ओसरतो की नाही.

याचे उत्तर योगायोगाने तीन वर्षांनी मिळाले. जुन्या काळी चित्रफिती महाग म्हणून बीबीसीने असंख्य कार्यक्रम पुसून टाकले. 'डॅड्स आर्मी'च्या १९६९ च्या दुसऱ्या मालिकेतील तीन भाग त्यात कायमचे गेले. संहिता मात्र उरल्या होत्या. २०१९ मध्ये 'गोल्ड' या वाहिनीने त्याच संहिता नव्या नटांना घेऊन पुन्हा चित्रित केल्या. केव्हिन मॅकनॅली मॅनरिंग झाले, रॉबर्ट बाथर्स्ट विल्सन. नावाने हे कलावंत २०१६ च्या ताऱ्यांच्या पंगतीतले नव्हते. आणि तरीही, ज्या प्रेक्षकवर्गाने चित्रपटाला नाके मुरडली त्याच वर्गाने हे तीन भाग आनंदाने पाहिले. पहिली दहा मिनिटे डोळ्यांना निराळेपणा जाणवतो, मग हसू येऊ लागते. म्हणजे आर्थर लोची जागा कोणी घेऊच शकत नाही, ही तक्रार खरी नाही. जागा घेता येते. मात्र ती जागा तिथे असावी लागते.

मग सारे श्रेय शब्दांचे म्हणावे काय? तसेही नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत याच मालिकेवरून 'द रिअर गार्ड' नावाचा एक नमुना-भाग तयार झाला होता. त्यासाठी निवडलेली संहिता ऐंशी भागांतील बहुधा सर्वांत गाजलेली. पकडलेला जर्मन अधिकारी आपला अपमान करणाऱ्यांची नावे वहीत टिपून घेतो, आणि त्या पोराला नाव सांगू नकोस असे बजावताना मॅनरिंगच त्याचे नाव घेऊन मोकळा होतो, हा तो भाग. संहिता हीच, पण गाव इंग्लंडच्या किनाऱ्यावरून न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर नेलेले. तो भाग एकदा दाखवला गेला आणि प्रकरण तिथेच संपले. लाँग आयलंडवर कोणी जर्मन सैन्याची वाट पाहत झोपत नव्हते. खाडीपलीकडे शत्रू नव्हता. बँकेच्या व्यवस्थापकाला आपल्या कारकुनाच्या शाळेचा न्यूनगंड नव्हता. शब्द गेले, त्यांच्या खालची जमीन मागे राहिली. याउलट १९७७ च्या 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवरून १९९३ मध्ये दूरदर्शनवर 'जबान सँभाल के' आली, तेव्हा ती इथली वाटली. कारण नाना भाषांच्या माणसांनी एका वर्गात बसून एकमेकांचे उच्चार ऐकणे ही आपल्याकडे कल्पना नाही, रोजचा अनुभव आहे. पंकज कपूरचा शिक्षक मूळ मालिकेतल्या शिक्षकासारखा आहे की नाही, हे विचारण्याचे कोणाला कारणच पडले नाही.

आता चित्रपटाकडे वळू. 'डॅड्स आर्मी'चा सारा विनोद एका अभावावर उभा होता: शत्रू येत नाही. तुकडी कवायत करते, वाळूची पोती रचते, एकमेकांचे मान-अपमान जपते आणि वाट पाहते. येणाऱ्या संकटाला ही माणसे पुरी पडणार नाहीत हे प्रेक्षकाला ठाऊक असते, त्यांना स्वतःलाही आतून ठाऊक असते. तरी ती मागे हटणार नाहीत, हेही तितकेच ठाऊक असते. हास्य आणि आदर एकाच वेळी वाटण्याचे रहस्य यात आहे. एखादा भटका जर्मन वैमानिक किंवा कैदी अधूनमधून येई, पण तोसुद्धा या मंडळींच्या आपसातल्या कुरबुरी उघड करण्यापुरता. २०१६ च्या चित्रपटात मात्र वार्ताहर म्हणून आलेली एक देखणी हेर आहे (कॅथरीन झीटा-जोन्स), तिच्याभोवती पुरुषांचे घोटाळणे आहे, आणि अखेरीस किनाऱ्यावर पाणबुडीतून उतरलेल्या जर्मनांशी गोळीबार आहे. तुकडी लढते आणि जिंकते. ज्या क्षणी ती जिंकते त्या क्षणी ती 'डॅड्स आर्मी' राहत नाही. कोणत्याही युद्धपटातली वयस्क तुकडी होते.

न्यायाने सांगायचे तर हा मोह नवा नाही. १९७१ मध्ये मूळ नटसंचालाच घेऊन निघालेल्या चित्रपटातही जर्मनांनी ओलीस धरलेल्या लोकांची सुटका तुकडीला करावी लागली होती. आर्थर लो होते, ल मेझरर होते. तरी अर्ध्या तासाचे सूत दीड तासावर ताणल्याचे जाणवतेच. मोठ्या पडद्याला घटना लागते, अशी निर्मात्यांची समजूत असते. छोट्या पडद्याला माणसे पुरत होती.

मॅनरिंगच्या बायकोचेच पाहा. मालिकेत एलिझाबेथ कधी दिसत नाही. दूरध्वनीवरचे त्याचे दबलेले उत्तर ऐकू येते, आणि एका भागात खाटेवरच्या मजल्यावर तिच्या देहाने आलेला फुगवटा दिसतो, बस. प्रेक्षकाने मनात रंगवलेली ती बाई कोणत्याही नटीपेक्षा प्रचंड होती. चित्रपटाने तिला गणवेशात समोर आणून उभे केले. स्त्रियांना मूळ मालिकेत फारसे स्थान नव्हते, ते द्यावे, हा हेतू चांगला आहे आणि त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्यासाठी नेमकी न दिसण्यात जिचे सामर्थ्य होते तीच निवडावी, याला विनोदाची जाण म्हणता येणार नाही. स्त्री आणि मॅनरिंग यांची खरी कथा १९७० मध्येच सांगून झाली होती: तुकडीत दाखल झालेल्या एका विधवेत तो गुंततो, आणि ती आगगाडीने निघून जाते. नाटकी काही नाही. फलाटावर एक ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, प्रतिष्ठित माणूस अडखळत बोलतो. तिथे हसणारा प्रेक्षक हसता हसता थांबतो.

असाच एक भाग १९६९ चा. गॉडफ्री पहिल्या महायुद्धात लढायला नकार देणारा होता हे कळते आणि सारी तुकडी त्याला वाळीत टाकते. मग उघड होते की सॉमच्या रणभूमीवर जखमींना वाहून आणताना त्याने शौर्यपदक मिळवले होते. ही भूमिका करणारे आर्नल्ड रिडली स्वतः सॉमला जखमी झालेले होते. फ्रेझर झालेले जॉन लॉरी पहिल्या महायुद्धात होते. क्लाइव्ह डन ग्रीसमध्ये पकडले जाऊन चार वर्षे जर्मनांच्या कैदेत राहिले. ल मेझरर खऱ्या सैन्यात कॅप्टन होते आणि युद्धाची अखेरची वर्षे त्यांनी हिंदुस्थानात काढली. १९६८ च्या प्रेक्षकांतही त्या रांगेत उभे राहिलेले हजारो होते. तेव्हा ते दिवस जेमतेम २८ वर्षांपूर्वीचे होते. पेरी आणि क्रॉफ्ट यांनी माणसे पाहून मालिका लिहिली. २०१६ च्या मंडळींनी मालिका पाहून चित्रपट लिहिला. म्हणून त्यात जोन्सची घाबरगुंडी आहे, फ्रेझरचे अशुभ भाकीत आहे, पाइकचा मफलर आहे. ठरलेल्या जागी ठरलेली वाक्ये येतात आणि प्रेक्षक ओळख पटल्याचा हुंकार देतो. त्या हुंकाराला निर्माते हास्य समजले असावेत.

आता जिमी पेरी नाहीत. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी ते गेले. इयन लॅव्हेंडर २०२४ मध्ये गेले. १९७७ चा अखेरचा भाग मात्र आजही पाहायला मिळतो. जोन्सचे लग्न लागते. रात्री पहाऱ्यावरची मंडळी आपल्या हाती कोणी युद्ध सोपवणार नाही या जाणिवेने थोडी खिन्न होतात. मग विल्सन, फ्रेझर, गॉडफ्री आणि इतर प्रेक्षकाकडे वळून होमगार्डच्या नावाने पेला उंचावतात. त्या रांगेत लॉरी ८० वर्षांचे होते आणि रिडली ८१ वर्षांचे.