दोन कंठ

आमच्या घरांतील काकू राजन-साजन मिश्र या बंधूंच्या गायनाच्या निस्सीम भक्त. कॅसेटींवर वर्षानुवर्षें ऐकून त्यांचें गाणें काकूंस पाठ झालें होतें. परंतु कोणता स्वर थोरल्याचा व कोणता धाकट्याचा, हें मात्र त्यांस सांगतां येत नसे. "दोघे कुठें गातात? गळा एकच तर आहे!" असें त्या म्हणत.

पुढें एका डिसेंबरांत आम्हीं त्यांस पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवास नेलें. रमणबागेचें पटांगण, बसावयास सतरंजी, अंगावर शाल. थर्मासांतल्या चहाची कोणासच आठवण राहिली नाहीं. विलंबित ख्याल रंगूं लागला आणि काकूंनीं एकदम आमचा दंड धरला. थोरले राजन मिश्र बढत करीत समेच्या अगदीं जवळ येत, तेथें थांबत व धाकट्याकडे पाहत. सम साजन मिश्रांनीं गांठावयाची! वडील हनुमानप्रसाद व आजोबांच्या पिढींतील बडे रामदास यांजकडून दोघांनींही बनारसची गायकी घेतली, म्हणून स्वर जुळले हें खरें. पण असें थांबणें केवळ तालमीनें येतें कीं काय, याविषयीं आम्ही साशंक आहों.

दिनांक 25 एप्रिल 2021 रोजीं राजन मिश्र दिल्लींत कोरोनाच्या साथींत निवर्तले. त्यानंतर कित्येक महिने काकूंनीं त्या कॅसेटींस हात लावला नाहीं. परवां एक लावली. सम जवळ आली तशी त्यांनीं आम्हांस हातानेंच गप्प केलें व हळूच म्हणाल्या, "हे थोरले. आतां धाकटे येतील."